नुसते टॅपेट बघायचे एवढे पैसे?

चार सिलिंडरची मोटरसायकल घेताना लोक ॲव्हरेज विचारतात, टायर केवढ्याला पडतात विचारतात, इन्शुरन्स विचारतात, पण व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या व्हॉल्व्हची बारीक फट, ज्याला सगळे टॅपेट म्हणतात) कितव्या किलोमीटरला बघायचा आणि तिथपर्यंत पोचायला मेकॅनिकला किती तास लागतात हे शोरूममध्ये कोणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझी गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने ऑइल-फिल्टर वेळेवर केलेलं, सर्व्हिस बुकही नीट भरलेलं, फक्त २४,००० किलोमीटरच्या रकान्यात शिक्का होता आणि व्हॉल्व्हच्या ओळीपुढे काहीच नव्हतं. ना टिक, ना आकडा. म्हणजे केलं की नाही देव जाणे. गाडी तशी मस्त चालत होती, आवाज नाही, धूर नाही, तरी ती रिकामी जागा डोक्यातून जाईना, शेवटी ठरवलं की मेजर सर्व्हिस एकदाची करूनच टाकू.

पहिलं एस्टिमेट घेतलं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून. एका ओळीत 'मेजर सर्व्हिस' आणि पुढे आकडा, नेहमीच्या ऑइल सर्व्हिसच्या सहा-सात पट. खाली बारीक अक्षरात 'व्हॉल्व्ह ॲडजस्टमेंट आवश्यक असल्यास जादा'. मी म्हणलं, म्हणजे यात व्हॉल्व्ह धरलेत की नाहीत? "चेकिंग धरलंय साहेब, सेटिंग नाही." बरं, सेटिंग लागलं तर किती? "ते उघडल्यावरच कळेल." असं उत्तर ऐकलं की डोकं फिरतं, माझंही फिरलं, पण तेवढ्यापुरता तो माणूस खरं बोलत होता, उघडल्याशिवाय कळत नाहीच. फक्त उघडल्यावर काय काय निघू शकतं याचे प्रकार दोन-तीनच असतात आणि त्या प्रत्येकाला किती तास लागतील हे आधी सांगता येतं, ते काही त्याने सांगितलं नाही.

मग एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो, मालक स्वतःच मेकॅनिक. त्याने पैशांच्या आधी तास सांगितले. "उघडून, मोजून, परत बंद करायचं, सगळे मापात निघाले तर पाच तास. कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे दांडे) काढावे लागले तर अजून तीन-साडेतीन. शिम (फट जुळवायच्या चकत्या) जेवढे लागतील तेवढ्याचे वेगळे. प्लग, एअर फिल्टर, कूलंटची मजुरी नाही लावत, ते तसंही निघणारच आहे." हे शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हाच माझं अर्धं ठरलं होतं. तरी पहिल्या ठिकाणी फोन करून तास विचारलेच, तर तिथे नुसत्या चेकिंगचे सात आणि वर प्लग बदलायची वेगळी मजुरी, एअर फिल्टरची वेगळी, कूलंटची वेगळी.

आता यात लबाडीच असते असं नाही. बहुतेक वर्कशॉप घड्याळ लावून बिल करत नाहीत, प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो आणि बिल त्या वेळेचं होतं, मेकॅनिकने ते काम लवकर उरकलं तरी तेवढंच आणि गंजलेल्या बोल्टने अर्धा दिवस खाल्ला तरी बऱ्याचदा तेवढंच. प्रॉब्लेम होतो तो दोन कामं एकावर एक येतात तेव्हा. प्लग बदलायच्या ठरलेल्या वेळेत टाकी उचलणं, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढणं हे धरलेलं असतं. व्हॉल्व्हच्या वेळेतही तेच धरलेलं असतं. टाकी उचलली एकदाच, पण बिलात ती दोनदा-तीनदा उचललेली दिसते. मेजर सर्व्हिसचं एस्टिमेट फुगतं ते बरंचसं इथे, आणि बोलायला जागा असते तीही इथेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, व्हॉल्व्ह बंद असताना कॅम आणि त्याच्या खालचा बकेट (व्हॉल्व्हवरची उपडी वाटी) किंवा रॉकर (कॅमचा दाब व्हॉल्व्हकडे नेणारा छोटा दांडा) यांच्यात कागदाएवढी फट ठेवलेली असते. इंजिन तापलं की धातू फुगतो, ती फट नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसणारच नाही, किंचित उघडा राहील. इंजिन ६,००० आरपीएमला फिरत असेल तर कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा आपल्या सीटवर (जिथे तो टेकून बंद होतो त्या कडेवर) आपटतो. हजारो किलोमीटर असं आपटून आपटून व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या भागात) जरा वर सरकतो, त्याची दांडी कॅमच्या जवळ येते आणि फट कमी होते. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त तापतात म्हणून सहसा तेच आधी टाइट होतात.

इथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. टॅपेट वाजायला लागले की बघू. अहो, वाजतात ते सैल झालेले! टाइट झालेला व्हॉल्व्ह आवाजच करत नाही, उलट इंजिन आधीपेक्षा शांत वाटतं आणि मालक खूश. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकलेली असतानाच सीटमार्फत हेडमध्ये जाते, तो नीट टेकलाच नाही तर उष्णता जायला वाट नाही, वरून जळता गॅस त्या फटीतून निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. त्याच्या आधी लक्षणं म्हणजे गरम असताना स्टार्टिंगला त्रास, आयडलिंगला गाडी अडखळणं, कॉम्प्रेशन कमी. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो, मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह टाका, सीट कटिंग करा, हेड गॅस्केट बदला, आणि ते बिल व्हॉल्व्ह चेकच्या कितीतरी पट.

माझ्या गाडीत शिम बकेटच्या खाली, आणि खर्चाचं मूळ तेच. साध्या कम्यूटर गाडीत रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट असतो, दोन झाकणं काढली, फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्या) घातलं, स्क्रू फिरवला, नट आवळला, झालं, पार्ट काहीच लागत नाही. रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनमध्येही हीच स्क्रूची पद्धत आहे. पूर्वीच्या बऱ्याच जपानी गाड्यांत शिम बकेटच्या वर असायचा, स्पेशल टूलने बकेट दाबून धरला की कॅम न काढता शिम बदलता यायचा. बकेटखालचा शिम लहान आणि हलका, इंजिन जास्त आरपीएम घेतं, पण तो बदलायचा म्हणजे कॅमशाफ्ट बाहेर आलाच पाहिजे. आणि हार्लीच्या मोठ्या व्ही-ट्विनसारखे हायड्रॉलिक लिफ्टर असले तर हा विषयच नाही, ऑइलच्या दाबाने फट आपली आपण भरून निघते.

शेवटी काम त्या छोट्या गॅरेजवाल्यालाच दिलं. गाडी आदल्या संध्याकाळीच सोडून ये म्हणाला, कारण माप थंड इंजिनवरच घ्यायचं असतं, रात्रभर उभी राहिलेली गाडी हवी. सकाळी मी गेलो तर म्हणलं, बघत उभा राहिलो तर चालेल का? त्याला काही अडचण नव्हती, फक्त "मधे मधे प्रश्न नको, मोजताना तर अजिबात नको" एवढी अट.

सीट, साइड फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स, त्याखालची वायरिंग, इग्निशन कॉइल, मग कूलंट काढून रेडिएटर पुढे झुकवला कारण त्याशिवाय व्हॉल्व्ह कव्हर बाहेर यायला जागाच नाही. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर मार्करने लिहिलेलं. प्लग काढायच्या आधी त्याने प्लगच्या खड्ड्यांत हवा मारली, खाली जमलेली वाळू-खडे भसकन वर आले, म्हणाला हे सिलिंडरमध्ये पडलं असतं. हे सगळं करण्यात सकाळ गेली आणि अजून एकाही व्हॉल्व्हला हात लागलेला नव्हता. तेव्हा मला एस्टिमेटमधले तास पटले. 'व्हॉल्व्ह चेक' म्हणून आपण पैसे देतो ते मोजायचे नसतातच फारसे, ते वाट मोकळी करायचे आणि परत बुजवायचे असतात.

कव्हर निघालं आणि आतलं दिसलं, दोन कॅमशाफ्ट शेजारीशेजारी, ऑइलने चमकणारे, सोनेरी-तपकिरी झाक आलेलं हेड. म्हणाला ऑइल वेळेवर बदललेलं दिसतंय, नाहीतर इथे काळा थर असतो. मग क्रँकच्या टोकाला पाना लावून हाताने इंजिन फिरवत पहिल्या सिलिंडरची खूण जुळवली, कॅमची नाकं बकेटपासून लांब बघतायत ना ते तपासलं, आणि फिलर गेजच्या पात्या काढल्या.

हे मोजणं बघण्यासारखं आहे. ०.२२ मिमीची पाती कॅम आणि बकेटच्या मधे सरकवली, गेली. ०.२४ ची गेली पण धरून धरून, जसं जाड पुस्तकाखालून कागद ओढावा तसं. ०.२६ ची गेलीच नाही. म्हणजे फट ०.२४. मग त्याने पाती माझ्या हातात दिली, आता तू बघ. मी घातली तर मला ती टाइट वाटली, त्याला ठीक वाटलेली, म्हणाला तू तिरकी घालतोयस, पातीला बाक देऊन सरळ जाऊ दे, ढकलू नको. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा खेळ हा, आणि हात बसलेला नसेल तर दोन माणसांची मापं वेगळी येतात. प्रत्येक व्हॉल्व्ह दोनदा मोजून तो एका कागदावर आकडा लिहायचा, कागदावर आधीच चार सिलिंडरचे चौकोन आणि त्यात वर इनटेक, खाली एक्झॉस्ट. अर्धे व्हॉल्व्ह मोजले की इंजिन पूर्ण एक फेरा फिरवून उरलेले.

मॅन्युअलप्रमाणे माझ्या गाडीला इनटेकला ०.१५ ते ०.२४ आणि एक्झॉस्टला ०.२२ ते ०.३१ चालतं. इनटेकचे आठही मापात. एक्झॉस्टचे पाच मापात, एक अगदी खालच्या कडेला ०.२२ वर, आणि दोन बाहेर, ०.१९ आणि ०.२०. सोळातले दोन. आता इथे खरा पैशाचा प्रश्न येतो. दोन व्हॉल्व्हसाठी एक्झॉस्टचा कॅम काढायचा का? तो म्हणाला काढायचाच, आणि तो निघालाच आहे तर ०.२२ वाला पण सारून घेऊ, पुढच्या वेळी त्याच्यासाठी परत उघडायला लागेल. इनटेकचा कॅम मात्र हात न लावता ठेवला. सगळं मापात आहे तिथे उगाच कॅम काढून 'मधोमध आणून ठेवू' म्हणणारे पण भेटतात, ते तास तुमच्या खिशातून जातात आणि हाती काही लागत नाही.

कॅम काढणं हा भाग मी श्वास रोखून बघितला. आधी टायमिंग चेन आणि स्प्रॉकेटवर मार्करने खुणा, मग चेन स्प्रॉकेटला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली, चेनच्या विहिरीत स्वच्छ फडकं कोंबलं कारण एखादा नट किंवा शिम आत पडला तर खालून इंजिन उघडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. चेन ताणून धरणारा टेन्शनर काढला, मग कॅमच्या कॅपचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून ढिले केले, एकदम एका बाजूचे नाहीत, कारण खाली व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला वर रेटत असतात, एका बाजूने दाब आला तर कॅप तडकते. या कॅपा सुट्या मिळत नाहीत, हेडबरोबरच बोअर केलेल्या असतात, एक कॅप तुटली म्हणजे पूर्ण हेड. बसवताना टॉर्क किती, तर ६ मिमीच्या बोल्टला जेमतेम १० ते १२ न्यूटन-मीटर. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा माणूस इथे गाडीची वाट लावू शकतो. त्याने छोटा टॉर्क रेंच काढला तेव्हा मला बरं वाटलं. मोठा, चाकाचा नट आवळायचा टॉर्क रेंच इथे बिनकामाचा आहे.

बकेट चुंबकाने उचलला, त्याखाली शिम, करंगळीच्या नखाएवढी चकती. तिच्यावर आकडा छापलेला असतो, २७५ म्हणजे २.७५ मिमी, पण माझ्या दोन शिमवरचे आकडे पुसट झालेले, म्हणून मायक्रोमीटरने मोजले. हिशोब सोपा आहे, नवीन शिम म्हणजे जुना शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. जुना २.७५, फट ०.१९, हवी ०.२७ च्या आसपास, म्हणजे २.६७. तेवढ्याचा शिम मिळत नाही, कंपनीचे शिम साधारण ०.०५ च्या टप्प्यात येतात, मग २.७० घातला तर फट ०.२४ आणि २.६५ घातला तर ०.२९. त्याने २.६५ निवडला. एक्झॉस्ट पुढे टाइटच होत जाणार, तर वरच्या कडेला ठेवलेला बरा, पुढच्या तपासणीपर्यंत पुरतो. हे लॉजिक मला फार आवडलं, आणि नुसतं 'मापात आलं ना' म्हणून २.७० टाकून मोकळा होणाराही असतोच.

शिम त्याच्याकडे डब्यात होते, वेगवेगळ्या जाडीचे, जुन्या गाड्यांतून निघालेले पण मायक्रोमीटरने तपासलेले. दोन तसेच बसले, एकच नवीन लागला. शिम कडक स्टीलचा असतो, सहसा झिजत नाही, त्यामुळे मापात भरलेला जुना शिम घालण्यात काहीही वावगं नाही. याउलट ज्या वर्कशॉपकडे शिमचा सेट नाही तिथे इंजिन उघडं ठेवून पार्ट मागवतात, गाडी अडकून राहते आणि जागा अडल्याने तेही घाईवर येतात. म्हणून गाडी टाकायच्या आधी विचारायचं, माझ्या गाडीच्या मापाचे शिम हाताशी आहेत का. यात व्यासही वेगवेगळा असतो, काहींना ७.४८ मिमीचा लागतो, काहींना ९.४८ चा, तेव्हा 'शिम आहेत' एवढ्यावर समाधान मानू नका.

कॅम परत बसवल्यावर खुणा जुळवून त्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, मग परत तिन्ही फटी मोजल्या, नवीन आकडे त्याच कागदावर लिहिले, मगच कव्हर. कव्हरचं रबरी गॅस्केट बदललं, ते कडक झालं होतं. हा पार्ट स्वस्त नसतो आणि अजून मऊ असेल तर परत वापरता येतो, पण कडक झालेलं वाचवायला जायचं, मग ऑइल पाझरायला लागतं आणि ते बदलायला परत टाकी, एअरबॉक्स, रेडिएटर सगळं आलं. इथे काटकसर नको.

मेजर सर्व्हिसमधलं बाकीचं सांगतो. प्लग नवीन, इरिडियमचे, कारण परत तिथपर्यंत हात पोचायला अर्धा दिवस. एअर फिल्टर नवीन. कूलंट काढलेलंच होतं, नवीन भरलं. थ्रॉटल बॉडी सिंक (चारही सिलिंडरला हवा सारखी जाईल अशी जुळवणी) करून घेतलं, व्हॉल्व्हची फट बदलली की सिलिंडरचा व्हॅक्यूम थोडा बदलतो म्हणून हे व्हॉल्व्हनंतर करायचं, आधी नाही, उलट्या क्रमाने केलं तर पैसे पाण्यात. ब्रेक ऑइल बदललं, ते दोन वर्षांनी बदलायचंच असतं, किलोमीटर कितीही झालेले असोत. स्टीअरिंगचं बेअरिंग नुसतं तपासलं. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, कसलं कसलं कोटिंग हे पहिल्या ठिकाणच्या एस्टिमेटमध्ये होतं, इथे विषयच निघाला नाही. गाडीला इंजेक्टरचा काही त्रास नसताना ते कशाला हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

शेवटच्या बिलात जवळजवळ दोन तृतीयांश मजुरी होती. उरलेल्या पार्टमध्ये सगळ्यात मोठी ओळ प्लगची, मग गॅस्केट, मग फिल्टर-ऑइल. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तो शिम? बिलातली सगळ्यात छोटी ओळ. पहिल्या एस्टिमेटच्या मानाने एकूण बिल निम्म्याहून थोडं जास्त आलं, आणि लक्षात घ्या, त्या एस्टिमेटमध्ये ॲडजस्टमेंट धरलेलीच नव्हती.

पैसे देताना तो आकड्यांचा कागद मागून घेतला, द्यायला तो तयारच होता. माझ्या मते या सगळ्या कामात घरी न्यायची वस्तू हीच. 'व्हॉल्व्ह चेक, ओके' असं बिलावर लिहिलेलं असेल आणि मापं नसतील तर ते काम झालंय याला पुरावा काय? न उघडता ओके लिहिणं सगळ्यात सोपं, गाडी नेली तशीच धुऊन परत मिळते आणि आवाजात फरक पडत नसल्याने कळायला मार्ग नाही. मागच्या मालकाच्या बुकातली ती ओळ म्हणूनच रिकामी असावी किंवा नसावीही, त्याचं आता काही होणार नाही. पण मापं असतील तर दोन फायदे, एक म्हणजे काम झाल्याचं दिसतं, आणि दुसरा त्याहून मोठा, पुढच्या वेळी फरक काढता येतो. २४,००० किलोमीटरमध्ये ०.०२ नेच सरकला असेल तर निवांत राहा, ०.०८ सरकला असेल तर पुढची तपासणी लवकर.

हे सगळं स्वतः करावं का? टाकी-फेअरिंग उतरवून मोजण्यापर्यंत मला आता जमेल असं वाटतं. सर्व्हिस मॅन्युअल, चांगलं फिलर गेज, छोटा टॉर्क रेंच, धीर आणि गाडी काही काळ उघडी राहिली तरी चालेल अशी बंदिस्त जागा. मोजून सगळे मापात निघाले तर मोठीच बचत, कारण कॅमला हात न लावता झाकण बंद. बाहेर निघाले तर मात्र अर्धी उघडलेली गाडी घेऊन कोणाकडे जाणार, बरेच मेकॅनिक दुसऱ्याने उघडलेलं इंजिन घ्यायला कां-कूं करतात आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यामुळे ज्याला कॅम काढून बसवायची तयारी आहे त्यानेच सुरुवात करावी असं माझं मत. सिंगल सिलिंडर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शिकायला हरकत नाही.

'पहिल्या चेकला कोणाचंच काही निघत नाही, सोडून द्या' असं म्हणणारे खूप आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं खरंच काही निघत नाही. पण माझे दोन निघाले, गाडी अजिबात कुरकुरत नसताना. थोडं पुढेमागे ढकललं तर आभाळ कोसळत नाही, पूर्ण गाळणं मला पटत नाही.

आणि गाडी घेतानाच हा खर्च बघायचा असेल तर नुसतं किलोमीटर बघून फसू नका. यामाहाच्या एमटी-०७ ला तपासणी ४०,००० किमीच्या आसपास, होंडाच्या आफ्रिका ट्विनला २४,०००. डुकाटीने २०२० मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही४ साठी आणलेल्या इंजिनात आपली प्रसिद्ध डेस्मो पद्धत सोडून साध्या स्प्रिंगा घातल्या आणि तपासणी थेट ६०,००० किमीवर नेली. डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर आणि बंद करायलाही एक, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन फटी, सगळं मोजमाप दुप्पट. उलट बीएमडब्ल्यूच्या बॉक्सरमध्ये किंवा मोटो गुझीमध्ये सिलिंडर दोन बाजूंना बाहेरच आलेले, टाकीला हातही न लावता कव्हर निघतं, तिथे तपासणी लवकर लवकर आली तरी तास कमीच लागतात. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना एक लाख किलोमीटरमध्ये एकूण किती तास ही गाडी उघडावी लागेल असा हिशोब धरावा, तोच खरा.

गाडीत फरक काय पडला म्हणाल तर आयडलिंग जरा गुळगुळीत झालं, ते बहुधा सिंकमुळे, आणि टॅपेटचा बारीक आवाज किंचित वाढला, जो मला आता आवडतो. फोर्क ऑइल तेवढं राहिलंय, तोही मेजर सर्व्हिसचाच भाग, पण त्यासाठी पुढचं चाक काढावं लागतं आणि पुढचा टायर तसाही बदलायला आलाय, त्यामुळे ते टायरच्या वेळी, एकाच मजुरीत.